प्राध्यापकी आणि कॅमेरा: मॅसॅच्युसेट्सहून आलेल्या एका पत्राला उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचे सविस्तर पत्र आणि त्यासोबतची छायाचित्रे मी सावकाश पाहिली. इतर वाचकांसाठी पत्राचा गाभा आधी थोडक्यात सांगते. तुम्ही मूळच्या वाईच्या. पुण्यात एम.एस्सी. करून डॉक्टरेटसाठी अमेरिकेत गेलात आणि आज सत्तेचाळिसाव्या वर्षी तिथल्या एका विद्यापीठात असेंद्रिय रसायनशास्त्राच्या सहयोगी प्राध्यापक आहात. टेन्युअर, म्हणजे नोकरीतले कायमपण, मिळालेले आहे, ग्रीन कार्ड येऊन तीन वर्षे झाली आहेत. वडील गेल्यानंतर त्यांची ज्ञानेश्वरीची प्रत तुमच्याकडे आली. ती वाचता वाचता तुम्ही पहाटे घराजवळच्या तळ्यावर कॅमेरा घेऊन जाऊ लागलात, आणि गेल्या आषाढात माउलींच्या पालखीबरोबर काही दिवस चाललात. शोधनिबंधांत आता मन रमत नाही, संशोधन अनुदानाचे दोन प्रस्ताव लागोपाठ नाकारले गेले आहेत, आणि नोकरी सोडून सगळा वेळ छायाचित्रणाला द्यावा असे तुम्हाला फार तीव्रतेने वाटते. पती म्हणतात, "तू ठरव." आई फोनवर म्हणतात, "हातची भाकरी टाकू नकोस." मुलगा अकरावीत आहे. एका गॅलरीने प्रदर्शनाचे आमंत्रण पाठवले आहे, पण त्यासाठी मोठी रक्कम मागितली आहे. आणि पत्राच्या शेवटी तुम्ही विचारता की, आपल्या छायाचित्रांना आध्यात्मिक म्हणण्याचा आपल्याला अधिकार आहे का.

माझे मत आधीच सांगते. नोकरी आत्ता सोडू नका. छायाचित्रण मात्र आजच्यापेक्षा पुष्कळ अधिक गांभीर्याने करा. हा सल्ला मी पैशाच्या भीतीपोटी देत नाही. तुमच्या पत्रात रसायनशास्त्र आणि छायाचित्रण ही दोन वेगळी आयुष्ये असल्यासारखी मांडणी आहे, एक कोरडे आणि दुसरे जिवंत, आणि एकातून बाहेर पडल्याशिवाय दुसऱ्यात पाऊल टाकता येणार नाही असे तुम्ही गृहीत धरले आहे. ते गृहीतकच मला मान्य नाही.

त्याआधी एक अप्रिय प्रश्न विचारला पाहिजे. अनुदानाचे प्रस्ताव मंजूर झाले असते तर हे पत्र तुम्ही याच महिन्यात लिहिले असते का? प्रस्ताव नाकारला जाण्याचे दुःख खरे असते, त्यात वर्षानुवर्षांची मेहनत अडकलेली असते, आणि परदेशात स्वतःला सतत सिद्ध करत आलेल्या माणसाला ते अधिकच लागते. परंतु त्या दुःखात घेतलेला निर्णय छायाचित्रणाच्या ओढीतून आला की विद्यापीठाच्या थकव्यातून, हे तुमचे तुम्हालाही नीट कळणार नाही. थकवा असेल तर त्यावर विश्रांती, रजा, कामाची फेरमांडणी हे उपाय आहेत. कलेवर त्या थकव्याचे ओझे टाकले, तर दोन वर्षांत कलेचाही तसाच थकवा येईल, कारण तिथेही अर्ज असतात, निवड समित्या असतात आणि नकार विद्यापीठापेक्षा अधिक असतात.

आता त्या दोन आयुष्यांविषयी. तुम्ही बॉस्टनजवळ राहता, म्हणून आनंद कुमारस्वामींचे उदाहरण देते. १८७७ मध्ये कोलंबोत जन्मलेला हा माणूस लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात भूशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र शिकला, सिलोनच्या खनिज सर्वेक्षणाचा प्रमुख झाला आणि १९०४ मध्ये त्याने थोरियनाइट हे खनिज शोधून काढले. त्या सर्वेक्षणासाठी गावोगाव फिरताना तिथल्या कारागिरांचे मोडकळीस येत असलेले जग त्याच्या नजरेस पडले, आणि १९१७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९४७ पर्यंत, बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये बसून त्याने भारतीय कलेवर जे लिहिले त्याने दोन पिढ्यांची दृष्टी घडवली. कुमारस्वामींनी भूशास्त्र सोडले हे खरे, पण नमुना हातात घेऊन तो कुठला, कशाचा, कोणत्या थरातला हे तपासण्याची सवय त्यांनी सोडली नाही. मूर्तिशास्त्रावरील त्यांच्या लेखनात ती पानोपानी दिसते. याच कुमारस्वामींच्या विनंतीवरून १९२४ मध्ये अमेरिकन छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांनी आपली २७ छायाचित्रे त्या संग्रहालयाला दिली. अमेरिकेतील एखाद्या मोठ्या संग्रहालयाने छायाचित्रांना कलाकृती म्हणून जागा देण्याच्या अगदी सुरुवातीच्या घटनांपैकी ती एक होती, आणि तिच्यामागे एक स्थलांतरित शास्त्रज्ञ होता. स्टिग्लिट्झ स्वतः बर्लिनला अभियांत्रिकी शिकायला गेले होते आणि तिथे हेर्मान फोगेल या प्रकाश-रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखाली छायाचित्रणाकडे वळले. तुमच्या दोन आयुष्यांमधली भिंत या कलेच्या इतिहासात कधी नव्हतीच.

स्टिग्लिट्झ यांचे नाव मी आणखी एका कारणासाठी घेतले. १९२२ पासून त्यांनी न्यूयॉर्क राज्यातील लेक जॉर्ज या सरोवराच्या परिसरात ढगांची छायाचित्रे काढायला सुरुवात केली. आपल्या छायाचित्रांचे बळ विषयात किंवा समोर बसलेल्या व्यक्तीच्या प्रभावात आहे असे लोक म्हणतात, तर मग ज्यावर कोणाचीच मालकी नाही आणि जे प्रत्येकाला दिसते अशा विषयातून काय उभे राहते ते पाहू, असा त्यांचा विचार होता. तुमची बारा छायाचित्रे पुढे ठेवली तेव्हा मला हेच आठवले. वारीची सात आहेत आणि तळ्याची पाच. दिवे घाटाचे वळण, रिंगणात धावणारा अश्व, तुळस डोक्यावर घेतलेली म्हातारी, पावसात टाळ वाजवणारे हात: ही छायाचित्रे नीटस आहेत, पण अशी छायाचित्रे दर आषाढात आपण वर्तमानपत्रांत पाहतो, आणि तुमच्या छायाचित्रांत तुम्ही मला सापडल्या नाहीत. तळ्याच्या पाचांपैकी निदान तीन चित्रांत मात्र एक माणूस दीर्घकाळ एका जागी उभा राहिला आहे, हे कळते. धुक्यातून पाण्याची कड जेमतेम ओळखू येते ते चित्र मी पुन्हा पुन्हा काढून पाहिले. विठ्ठलाचा उल्लेखही नसलेले ते चित्र मला या बारांत सर्वांत प्रार्थनामय वाटले.

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर असे की, आध्यात्मिक हे विशेषण तुम्ही स्वतः लावू नका. अधिकाराचा प्रश्न नाही, परिणामाचा आहे. ज्या चित्राखाली ज्ञानेश्वरीची ओवी लिहिली जाते त्या चित्राकडे पाहणारा मराठी वाचक ओवीपुढे हात जोडतो आणि चित्र तसेच सोडून पुढे जातो. अमराठी प्रेक्षक भाषांतर वाचतो आणि चित्र त्या वाक्याचे उदाहरण आहे असे समजतो. दोन्हीकडे चित्र पाहिलेच जात नाही. या वाटेवर तुमच्याच शहरात एक मोठा माणूस अडखळलेला आहे. मायनर व्हाइट हे मिनेसोटा विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकलेले, १९५२ मध्ये 'ॲपर्चर' नियतकालिकाच्या स्थापनेत असलेले आणि १९६५ पासून एमआयटीत शिकवणारे छायाचित्रकार. झेन पंथ आणि गुर्जिएफ हे अध्यात्मगुरू यांच्या शिकवणीचा त्यांच्यावर खोल परिणाम होता. चित्र पाहण्यापूर्वी ते विद्यार्थ्यांना डोळे मिटून स्वस्थ बसवत. त्यांची स्वतःची छायाचित्रे, दगडांची, हिमाच्छादित खिडकीची, सोललेल्या रंगाची, आजही माणसाला थांबवतात. परंतु १९७२ मध्ये त्यांनी एमआयटीत प्रार्थना हाच विषय घेऊन अनेकांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरवले तेव्हा त्यावर कडक टीका झाली. मला त्या टीकेत तथ्य वाटते. छायाचित्राला आधीच प्रार्थना म्हटले की ते बरे आहे की वाईट हे बोलण्याची सोय राहत नाही, आणि ज्या कामाविषयी कोणी स्पष्ट बोलू शकत नाही ते काम वाढत नाही. तुम्ही शोधनिबंध परीक्षकांकडे पाठवत आलात. हीच परीक्षा छायाचित्रांनाही मिळू द्या. ओव्या काढून टाका. ज्ञानेश्वरी रोज वाचत राहा, पण ती टेबलावर राहू द्या, भिंतीवर नको.

पुढे जे सुचवते आहे ते या पत्रातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. तुमची सगळी छायाचित्रे डिजिटल आहेत आणि बाहेरच्या दुकानातून छापून घेतलेली आहेत. असेंद्रिय रसायनशास्त्राच्या प्राध्यापिकेने आपली चित्रे दुसऱ्याकडून छापून घ्यावीत याचे मला राहून राहून आश्चर्य वाटले. जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये सायनोटाइप ही निळ्या छपाईची पद्धत शोधली. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांचे द्रावण कागदावर लावायचे, निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचे आणि पाण्याने धुवायचे. अतिनील प्रकाशाने फेरिक लोह फेरस होते आणि प्रशियन निळा रंग कागदाच्या तंतूंत बसतो, हे मी तुम्हाला सांगणे म्हणजे धिटाईच आहे. पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स या वनस्पती-अभ्यासक बाईंनी याच पद्धतीने समुद्रशैवालांचे ठसे छापायला घेतले. हा निळा तीव्र प्रकाशात फिका पडतो आणि अंधारात ठेवला की हवेतल्या ऑक्सिजनमुळे बराचसा परत येतो. ते कसे घडते हे सूत्रासकट समजणारे छायाचित्रकार फार थोडे आहेत, आणि तुम्ही त्यांच्यापैकी एक होऊ शकता. लोहाच्याच क्षारांवर प्लॅटिनम आणि पॅलेडियमची छपाई चालते. मँचेस्टर विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवणारे माइक वेअर आणि टांझानियात जन्मलेले, पुढे ब्रिटनमार्गे अमेरिकेत येऊन टेनेसीत शिकवणारे भारतीय वंशाचे छायाचित्रकार प्रदीप मालदे यांनी मिळून या छपाईची सुधारित पद्धत तयार केली, ती आज दोघांच्या नावाने ओळखली जाते.

आपल्या संतांचा धंदा त्यांच्या अभंगांत उतरला आहे. नरहरी सोनारांची उपमा मुशीची आणि सोन्याची, सेना महाराजांची आरसा-चिमट्याची, सावतोबांची मळ्यातल्या भाजीची. धंदा टाकून ते भक्तीकडे गेले नाहीत, आणि धंद्याबाहेरची उसनी भाषाही त्यांनी घेतली नाही. तुमचा धंदा लोह, प्रकाश, पाणी आणि काळ यांचा आहे. तळ्यावरचे ते धुके तुमच्या स्वतःच्या हाताने लेपलेल्या कागदावर आले, तर ते चित्र फक्त तुमचे असेल. त्यासाठी विद्यापीठ सोडावे लागत नाही. उलट विद्यापीठाचे फ्यूम हूड (रसायनांच्या वाफा ओढून घेणारे कपाट), तराजू आणि ग्रंथालय लागते. छायाचित्रांच्या रासायनिक जतनाचे संशोधन हे मान्यताप्राप्त क्षेत्र आहे, रॉचेस्टर इथे त्यासाठी स्वतंत्र संस्था आहे, आणि तुमच्या पुढच्या अनुदान-प्रस्तावाचा विषय इथे मिळू शकतो, हेही मनात असू द्या.

परदेशात गेल्यावर आपल्या परंपरेकडे वळलो ही गोष्ट तुम्ही थोड्या संकोचाने लिहिली आहे. गावी असताना वडिलांच्या पारायणाला कधी बसलो नाही, आता बॉस्टनला येऊन ज्ञानेश्वरी वाचतो, हे नाटकी तर नाही ना, असे तुम्हाला वाटते. जपानी छायाचित्रकार हिरोशी सुगिमोतो टोकियोत राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र शिकून १९७० मध्ये कॅलिफोर्नियाला गेले. तिथले तरुण त्यांना झेनविषयी विचारू लागले तेव्हा त्यांनी तो विषय वाचायला घेतला, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. पुढे क्योतोच्या सांजूसान्गेन्दो मंदिरातील सहस्रभुज कान्नोन या करुणेच्या बौद्ध देवतेच्या १००१ मूर्तींचे छायाचित्रण करण्यासाठी त्यांना परवानगीची सात वर्षे वाट पाहावी लागली. १९९५ मध्ये ती मिळाल्यावर त्यांनी मंदिरातील विजेचे दिवे बंद करून पहाटेच्या उजेडातच काम केले. सुरुवातीची कित्येक वर्षे न्यूयॉर्कमध्ये त्यांचे घर जुन्या जपानी वस्तूंच्या व्यापारावर चालत होते. त्या व्यापारामुळे त्यांची नजर तयार झाली, हे मला अधिक मोलाचे वाटते. दूर गेल्याने माणूस आपल्या परंपरेला पोरका होतो असे नाही. काहींना ती दुरूनच प्रथम नीट दिसते. संकोच सोडा.

वारीबद्दल मात्र एक आग्रह आहे. पुढच्या वेळी कॅमेरा घरी ठेवून जा. एखाद्या दिंडीत रीतसर नाव नोंदवा, पंगतीत वाढा, तंबूत झोपा, विणेकऱ्याच्या मागे आपल्या जागी चाला, आणि पूर्ण वाट चाला. इरावती कर्वे मानववंशशास्त्रज्ञ होत्या, बर्लिनच्या डॉक्टरेट होत्या. पण वारीवर त्यांनी लिहिलेले टिकले ते त्या दिंडीतल्या बायकांबरोबर चालल्या आणि दिंडीतले जेवणाचे वेगवेगळे गटही त्यांनी नजरेआड केले नाहीत म्हणून. रस्त्याच्या कडेला उभे राहून भारी लेन्सने टिपलेल्या चेहऱ्यांच्या मालकिणींना तुम्ही विचारले होते का, हे पत्रात नाही. पंढरीच्या वाटेवर कोणी नाही म्हणत नाही, म्हणून परवानगी असते असे नाही. आणि वारी जून-जुलैत येते, तेव्हा तुमच्या विद्यापीठाला उन्हाळी सुट्टी असते. तेवढ्यासाठी राजीनाम्याची गरज नाही.

आता व्यवहाराचे. ग्रीन कार्ड असल्यामुळे तुम्ही छायाचित्रे विकू शकता, स्वतंत्र व्यवसाय करू शकता. एच-१बी व्हिसावर असलेल्या वाचकांनी मात्र हे तुमच्याकडे पाहून करू नये. त्या व्हिसावर ठरलेल्या मालकाशिवाय दुसरीकडे काम करून सहसा कमाई करता येत नाही, आणि एक चित्र विकण्यापूर्वीही इमिग्रेशनच्या वकिलाला विचारावे. तुम्ही लिहिता की राजीनामा देऊन वर्षभर महाराष्ट्रात राहावे असा विचार आहे. तो मला धोक्याचा वाटतो. नागरिकत्वासाठी साधारणपणे पाच वर्षांचे सलग वास्तव्य लागते. सलग सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास ते सातत्य तुटले असे धरले जाऊ शकते, आणि आगाऊ परवानगीविना वर्षभर बाहेर राहिल्यास ग्रीन कार्डच अडचणीत येते. तुमची तीन वर्षे झाली आहेत. उरलेली दोन होईपर्यंत भारतातला मुक्काम तुकड्यातुकड्यांनी करा.

कुटुंबाचा आरोग्यविमा तुमच्या नोकरीतून आहे आणि पतींचा स्वतःचा छोटा व्यवसाय आहे, हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. त्या ओळीवर थांबायला हवे होते. नोकरी सोडल्यावर कोब्रा कायद्याखाली सहसा १८ महिने तोच विमा ठेवता येतो, पण विद्यापीठ आज भरत असलेला हिस्साही तुम्हालाच भरावा लागेल. निवृत्तिनिधीतून ५९½ वर्षांच्या आधी पैसे काढल्यास कराशिवाय काढलेल्या रकमेवर सहसा १० टक्के दंड लागतो. मुलाच्या महाविद्यालयाच्या शुल्कात कर्मचाऱ्यांच्या मुलांना तुमच्याकडे सवलत आहे का, हे मनुष्यबळ विभागाला विचारा. असेल तर पुढची काही वर्षे तिचे मोल तुमच्या पगाराइतकेच मोठे ठरेल. आईंच्या वाक्याला तुम्ही जुन्या पिढीची भीती म्हणता. मला त्यात हिशेब दिसतो, आणि तो बरोबर आहे. पतींच्या "तू ठरव" मध्ये मात्र मला पाठिंब्यापेक्षा अंतर ऐकू आले. त्यांच्यासमोर हे सगळे आकडे ठेवून दोघांनी एक संध्याकाळ बसा.

गॅलरीला नकार कळवा. ज्या गॅलरीला भिंतीचे भाडे कलावंताकडून मिळते तिला चित्र विकण्याची निकड नसते, आणि अशा प्रदर्शनाची नोंद जाणकारांच्या लेखी धरली जात नाही. तेवढ्या रकमेत कागद, रसायने आणि अतिनील दिव्यांची पेटी येऊन पैसे उरतील. चित्रे दाखवायची तर विंचेस्टरचे ग्रिफिन म्युझियम ऑफ फोटोग्राफी तुमच्यापासून फार दूर नाही, तिथे खुल्या प्रवेशिकांची प्रदर्शने असतात. आणि वीस-पंचवीस प्रिंट तयार झाल्यावर ह्यूस्टनच्या फोटोफेस्टसारख्या ठिकाणी परीक्षकांसमोर बसता येते. तिथेही शुल्क असते, पण त्या बदल्यात तुमचे काम पाहून स्पष्ट बोलणारी माणसे मिळतात. महाराष्ट्र मंडळातल्या कौतुकाने मन सुखावते, ते सुखावू द्या, मात्र त्यावरून कामाची प्रत ठरवू नका.

राजीनाम्याऐवजी सबॅटिकल, म्हणजे संशोधनासाठी मिळणारी दीर्घ रजा, मागा. सोळा वर्षांच्या नोकरीत तुम्ही ती एकदाच घेतली आहे, म्हणजे दुसरी बहुधा केव्हाच देय झाली असेल. अर्जात लोहाधारित छपाईचे रसायन आणि त्या प्रिंटचा टिकाऊपणा हा विषय लिहा. तो खरा विषय आहे, बहाणा नाही, आणि त्या वर्षात तळ्याची मालिका पूर्ण होईल. रजेनंतर एक वर्ष परत शिकवण्याची अट बहुतेक ठिकाणी असते, ती तुमच्याकडे काय आहे ते वाचून घ्या. ते वर्ष संपेपर्यंत तुमच्या नागरिकत्वाचा अर्ज करण्याची वेळही आलेली असेल, मुलाचे महाविद्यालय ठरलेले असेल, आणि नोकरी सोडावी असे तेव्हाही वाटले तर मला पुन्हा लिहा. त्या पत्राला मी वेगळे उत्तर देऊ शकेन. पुढच्या शैक्षणिक वर्षाच्या सबॅटिकलचे अर्ज अनेक विद्यापीठांत शरद ऋतूतच घेतले जातात. तुमच्या विभागाची शेवटची तारीख या आठवड्यात विचारून घ्या, आणि विभागप्रमुखांना भेटायला जाताना डिजिटल प्रिंट न नेता सायनोटाइपचे पहिले चार-पाच कागद घेऊन जा, मग ते कितीही कच्चे असोत.